रापणीचा वाटा आणि विमानाचे मैल

विमानातल्या पहिल्या वर्गाबद्दल मालवणच्या एका निवृत्त मास्तराने लिहायला बसावे, याचे काहींना हसू येईल. येऊ द्या. माझा निम्माअधिक जन्म एस.टी.त गेला आणि १९९८ साली कोकण रेल्वे पुरती सुरू झाल्यावर उरलेला तिच्या स्लीपरच्या डब्यात. विमानात बसलो ते मोजून चार वेळा, तेही शेपटाकडच्या रांगेत. पहिल्या वर्गाची खुर्ची मी फक्त आत शिरताना, हातातली पिशवी सांभाळत पुढे सरकता सरकता, तिरक्या नजरेने पाहिलेली आहे. तरीही आज तिच्याबद्दल लिहितो आहे, कारण तिच्या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा डोक्यात आला. एखाद्याने वर्षानुवर्षे साठवलेल्या गोष्टीची किंमत, ती साठवून झाल्यानंतर, देणाऱ्याने एकट्याने बदलावी का?

ज्यांना हा मैलांचा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी (म्हणजे आमच्या घरातल्या निम्म्या मंडळींसाठी) आधी थोडे सविस्तर सांगतो. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडव्हान्टेज’ नावाची योजना सुरू केली. आमच्याच विमानाने पुन्हा पुन्हा प्रवास करा, केलेल्या प्रवासाचे मैल तुमच्या नावावर जमा होतील, पुरेसे जमले की त्या बदल्यात तिकीट मिळेल, अशी ती कल्पना. बाकीच्या कंपन्यांनीही ती उचलली. आपल्याकडे एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ होती, तिचे २०२५ मध्ये ‘महाराजा क्लब’ असे बारसे झाले. जेट एअरवेजची ‘जेटप्रिव्हिलेज’ होती, किंगफिशरची ‘किंग क्लब’ होती. पुढे बँकाही यात शिरल्या. क्रेडिट कार्डावर किराणा भरा, पेट्रोल टाका, मुलांची फी भरा, की मैल जमा. म्हणजे जमिनीवर बसल्या बसल्या आकाशातले मैल मिळू लागले.

या योजनांना इंग्रजीत लॉयल्टी प्रोग्रॅम म्हणतात. लॉयल्टी म्हणजे निष्ठा. मराठी शिकवण्यात उभे आयुष्य गेल्यामुळे असा शब्द आला की मी तिथे थांबतो. निष्ठा हा आपल्याकडे जड शब्द आहे. गुरूवर निष्ठा असते, ध्येयावर असते. विमान कंपनीवर निष्ठा ठेवायची म्हटले तर कसेसेच वाटते. पण शब्द त्यांनी वापरला आहे, तर त्याचा अर्थही त्यांनी पाळावा, एवढे म्हणायचा अधिकार आपल्याला आहेच. ज्याच्याकडून निष्ठा मागायची, त्याला दिलेला शब्द आपणही राखायचा, हा त्यातला किमान भाग झाला.

आता यातली मेख. या योजनेत प्रत्येक सभासदाची दोन खाती असतात आणि पुष्कळांना ती एकच वाटतात. पहिले खाते खर्चायच्या मैलांचे. ते विमानप्रवासाने वाढते, कार्डाच्या खरेदीनेही वाढते, आणि तिकीट काढले की कमी होते. दुसरे खाते पायरीचे. त्यात मुख्यतः प्रत्यक्ष उड्डाण मोजले जाते, आणि ठराविक काळाने हिशोब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. एमिरेट्सच्या ‘स्कायवर्ड्स’ योजनेचे उदाहरण घ्या. नवा सभासद निळ्या पायरीवर असतो. २०२५ च्या नियमांप्रमाणे वर्षभरात पायरीचे २५,००० मैल किंवा २५ उड्डाणे झाली तर तो रुपेरी होतो, ५०,००० ला सोनेरी, १,५०,००० ला प्लॅटिनम. वरच्या पायरीच्या माणसाला विमानतळावर बसायला वेगळी खोली, सामान जास्त, रांग निराळी. यात मला काही वावगे वाटत नाही. रोज येणाऱ्या गिऱ्हाईकाला वाणीसुद्धा झुकते माप देतो.

पण मे २०२५ मध्ये याच एमिरेट्सने नियम केला की मैल देऊन पहिल्या वर्गाचे तिकीट काढायचे असेल तर सभासद निदान रुपेरी पायरीवर हवा. निळ्या पायरीवरच्या माणसाच्या खात्यात कितीही मैल असोत, त्याला तो दरवाजा बंद. या कंपनीचेच नाव घ्यायचे कारण, आपल्या कोकणातली कितीतरी घरे दुबईच्या पैशावर उभी राहिली आहेत आणि तिकडच्या मंडळींच्या खिशात हे कार्ड असते. बाकी असे करणारी ती पहिली नाही. एअर फ्रान्सने ‘ला प्रमिएर’ हा आपला पहिला वर्ग मैलांवर देताना तो वरच्या पायरीच्या सभासदांपुरता राखला. स्विसने आपल्या ‘माइल्स अँड मोअर’ योजनेत सीनेटर आणि त्यावरच्या सभासदांनाच तो दिला. उलट सिंगापूर एअरलाइन्सने लांब पल्ल्याची ही आसने दुसऱ्या कंपन्यांच्या सभासदांना सहसा दिली नाहीत, पण स्वतःच्या साध्या सभासदाला मैल देऊन ती मागता आली. म्हणजे दुसरा रस्ता नव्हताच असे नाही.

कंपन्यांची बाजू मांडल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. वर्गात वादविवाद घ्यायचो तेव्हा मुलांना मी आधी विरुद्ध पक्षाची बाजू मांडायला लावायचो, तीच सवय. त्यांचे पहिले म्हणणे, आसनेच थोडी. एमिरेट्सच्या दुमजली ए-३८० विमानात सुमारे पाचशे माणसे मावतात, त्यांत पहिल्या वर्गाच्या खोल्या असतात चौदा. एअर इंडियाच्या ३४२ आसनांच्या मोठ्या ७७७ विमानांत पहिल्या वर्गाची आसने अवघी चार होती. दुसरे म्हणणे, कार्डे फिरवून फिरवून, विमानात फारसे न बसता, लाखांनी मैल जमवणारी चलाख मंडळी निर्माण झाली आहेत. जो माणूस दर महिन्याला रोख तिकीट काढून आमच्याकडे येतो त्याला मागे ठेवून ही खुर्ची त्यांना का द्यावी? आणि तिसरे, नियम बदलण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवला आहे, हे अटींमध्ये पहिल्यापासून लिहिलेले आहे.

तिन्ही मुद्दे खरे आहेत. पण त्यांतून निघते ते एवढेच, की वरच्या पायरीच्या माणसाला आधी द्या. बाकीच्यांना मुळीच देऊ नका, हे त्यातून निघत नाही. शिवाय कालपर्यंत जमवलेल्या मैलांनाही आजचा नियम लावा, हे तर अजिबातच निघत नाही. माझा आक्षेप या दोन उड्यांवर आहे, विशेषतः दुसरीवर.

दुसऱ्या उडीचा अर्थ काय होतो हे आमच्या घरातल्या उदाहरणावरून सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा बोटीवर इंजिनिअर होता. बोट पकडायला कधी ब्राझील, कधी कोरिया, सुटून घरी यायला पुन्हा विमान, असे अकरा वर्षे चालले. तिकीट कंपनी काढायची, पण मैल त्याच्या नावावर जमायचे. ते त्याने एकदाही खर्चले नाहीत. बहीण सत्तरीला आलेली, दोन्ही गुडघे दुखरे, आणि तिची मुलगी टोरांटोला. ‘आई, तुला झोपून जाता येईल असं नेईन, अगदी पुढच्या वर्गातून,’ असे तो तिला चार वर्षे सांगत होता. मध्यंतरी त्याने बोट सोडून मुंबईत ऑफिसची नोकरी धरली. विमानप्रवास थांबला. मैल खात्यात तसेच राहिले, पण पायरी दरवर्षी नव्याने चढावी लागते, त्यामुळे तो घसरत घसरत सगळ्यात खालच्या पायरीवर आला. आणि तिकीट काढायला बसला तेव्हा त्या कंपनीचा नवा नियम समोर आला. मैल पुरेसे होते, पायरी पुरेशी नव्हती. (कंपनीचे नाव मुद्दामच लिहीत नाही.)

बहिणीचे म्हणणे ठरलेले. ती म्हणाली, ‘माका नातीचा तोंड बघूचा आसा, खुर्ची खयची ती तू बघ.’ त्याने मधल्या वर्गाचे तिकीट काढले, ती गेली, सुखरूप पोचली. मधल्या वर्गातही आडवे होता येते म्हणतात. तेव्हा नुकसान किती झाले असे विचाराल तर रुपयांत सांगता येणार नाही. भाचा मात्र मला म्हणाला, ‘मामा, खुर्चीचं काही नाही हो. पण आईला शब्द मी दिला होता, आणि तो मोडला दुसऱ्याच कुणीतरी.’

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. मैल साठवणारा माणूस नुसते आकडे साठवत नसतो. त्या आकड्यांच्या भरवशावर तो घरातल्यांना काही सांगत असतो. कुणी बायकोला सांगतो, निवृत्त झालो की युरोपला जाऊ. कुणी बापाला सांगतो, एकदा तुम्हाला न्यूयॉर्क दाखवतो. कंपनीच्या दृष्टीने ती संगणकातली एक नोंद असेल. ती बदलायला तिला एक ओळ पुरते.

आमच्या किनाऱ्यावर याहून जुनी एक वाटपाची रीत आहे. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडत नेतात, दोन्ही टोके किनाऱ्यावर येतात, आणि मग दोन्ही बाजूंनी माणसे ते ओढू लागतात. वीस, तीस, कधी त्याहूनही जास्त. म्हातारे, तरणे, सगळे दोरीला. तासन् तास ओढल्यावर जाळे वाळूवर येते. कधी भरलेले, कधी चार बांगडे आणि शेवाळ. आलेल्या मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. ज्याचे जाळे त्याला जास्त मिळते आणि त्याबद्दल कुणी कुरकुरत नाही, कारण वाट्याची रीत दोरीला हात लावण्यापूर्वी सर्वांना ठाऊक असते. आता समजा, जाळे वाळूवर आले, त्यात सुरमई दिसली, आणि जाळ्याचा मालक म्हणाला, ‘आजपासून सुरमई फक्त ज्यांनी गेल्या वर्षी शंभर वेळा रापण ओढली त्यांनाच. बाकीच्यांनी बांगडे न्यावेत.’ काय होईल? दुसऱ्या दिवशी दोरीला कोण येईल?

मालकाने कमीजास्त वाटा ठेवावा, पण जाळे टाकण्याआधी ठेवावा. आम्हा मास्तरांची रीतही हीच. प्रश्नपत्रिकेवर प्रत्येक प्रश्नापुढे गुण छापलेले असतात. मुलांनी पेपर लिहून दिल्यावर ‘या प्रश्नाचे गुण फक्त पहिल्या बाकावरच्यांना’ असे कुणी म्हटले तर आपण त्याला परीक्षक म्हणणार नाही.

यावर एक हमखास उत्तर येते. ‘अहो, हे मैल म्हणजे बक्षीस. फुकट मिळालेल्या गायीचे दात कशाला मोजता?’ ऐकायला बरोबर वाटते. पण फुकट काय आहे ते तपासून पाहू या.

बँका हे मैल विमान कंपन्यांकडून पैसे देऊन घेतात आणि आपल्याला देतात. बँकेकडे ते पैसे येतात दुकानदाराने दर व्यवहारामागे दिलेल्या कमिशनातून आणि आपण भरलेल्या वार्षिक फीतून. दुकानदार ते कमिशन कुठून काढतो हे सांगायला अर्थशास्त्र नको. म्हणजे मैलांचे पैसे कुणीतरी भरलेले असतात, आणि त्या ‘कुणीतरी’मध्ये आपणही असतो.

विमान कंपनीच्या वहीत काय लिहितात तेही बघा. हिशोबाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे, आणि आपल्याकडे एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या इंड एएस ११५ या मानकाप्रमाणे, प्रवाशाला मैल दिले की तिकिटाच्या रकमेचा एक भाग कंपनीला लगेच उत्पन्न म्हणून धरता येत नाही. तो देणे म्हणून बाजूला ठेवावा लागतो. प्रवाशाने मैल वापरले किंवा त्यांची मुदत संपली की मग तो उत्पन्नात येतो. आपल्याशी बोलताना बक्षीस आणि वहीत मात्र देणे. बक्षिसाची नोंद देण्याच्या बाजूला होते का?

याहून मोठे उदाहरण करोनाच्या काळातले. विमाने जमिनीवर उभी होती, पैसा येत नव्हता. तेव्हा अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने २०२० मध्ये आपली ‘मायलेजप्लस’ ही मैलांची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. अमेरिकन एअरलाइन्सने २०२१ मध्ये ‘ॲडव्हान्टेज’ तारण ठेवून १० अब्ज डॉलर उभे केले. सावकार फुकटच्या वस्तूवर कर्ज देत नाही. लाखो लोक यापुढेही मैल जमवत राहतील, त्यांचा या योजनेवर विश्वास आहे, या गोष्टीला ती किंमत मिळाली. म्हणजे आपला विश्वास ज्यांना गहाण टाकता आला, त्यांनीच त्या विश्वासाला बक्षीस म्हणून झटकायचे, हे काही पटत नाही.

कायदा काय म्हणतो? हा वाद अमेरिकेत फार पूर्वी झाला आहे. १९८८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने मैलांवर मिळणाऱ्या आसनांना मर्यादा घातली आणि काही तारखा वगळल्या. सभासद कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे होते, नवे नियम हवे तर करा, पण आम्ही आधी जमवलेल्या मैलांना ते लावू नका. (नेमके आपले रापणीचे म्हणणे!) १९९५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. राज्यांच्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली विमान कंपनीला धरता येणार नाही, मात्र कंपनीने स्वतः दिलेला शब्द मोडला, करारभंग केला, असा दावा चालू शकेल. निकालपत्र न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे. पुढे २०१४ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने एका सभासदाचे सभासदत्वच रद्द केले होते. कंपनीने सचोटीने वागायला हवे होते, हे त्याचे म्हणणे त्याच न्यायालयाने एकमताने फेटाळले. कराराच्या शब्दांत जे आहे ते मागा, त्यापलीकडचे मागू नका, असा त्याचा मथितार्थ. आणि कराराचे शब्द लिहितो कोण? कंपनीच. सप्टेंबर २०२४ मध्ये मात्र अमेरिकेच्या वाहतूक खात्याने तिथल्या चार सर्वांत मोठ्या कंपन्यांकडे या योजनांची माहिती मागितली. मैलांची किंमत परस्पर कमी करणे, तिकिटाचे मैल आधी न कळणे, हेच विषय त्यात होते. म्हणजे सरकारलाही हा प्रश्न क्षुल्लक वाटलेला नाही.

आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ‘अनुचित करार’ ही कल्पना प्रथम आली. ग्राहकाच्या हक्कांत मोठा बदल घडवणाऱ्या एकतर्फी अटी असतील तर त्या करारापैकी तेवढा भाग रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे. मुंबई ग्राहक पंचायतीसारखी संस्था १९७५ पासून काम करते आहे, महाराष्ट्राला ग्राहक चळवळ नवी नाही. मैलांचा प्रश्न कुणीतरी अभ्यास करून तिथे नेण्याजोगा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तुमच्यापैकी काहींच्या ओठांवर आलेला प्रश्न. ‘मास्तर, मे महिन्यात आपल्याकडे विहिरी तळाला जातात, आणि तुम्ही पहिल्या वर्गाच्या खुर्च्यांसाठी भांडता?’ प्रश्न रास्त आहे. पहिल्या वर्गाची खुर्ची मिळाली नाही म्हणून कुणाची चूल विझत नाही. पण नियम मागाहून बदलायची सवय श्रीमंतांच्या खुर्चीपाशी थांबत नाही. ‘नियम व अटी लागू’ या चार शब्दांखाली ती विम्यात येते, मोबाइलच्या रिचार्जमध्ये येते, क्लासच्या फीमध्ये येते. तिथे सापडणारा माणूस साधा असतो आणि त्याला भांडायला वेळही नसतो.

मात्र सगळेच काढून घेणे सारखे नसते, हेही सांगितले पाहिजे. रेल्वेत आम्हा ज्येष्ठांना तिकिटात सवलत होती, पुरुषांना चाळीस टक्के, बायकांना पन्नास. मार्च २०२० मध्ये ती थांबली. ती परत मिळावी असे मलाही वाटते, पण ती सवलत होती. वय झाले म्हणून समाजाने आम्हाला दिलेली, आम्ही मोजून कमावलेली नव्हे. दुसरे उदाहरण आपल्या चिपीचे. ९ ऑक्टोबर २०२१ ला सिंधुदुर्ग विमानतळ सुरू झाला आणि मुंबईचे विमान उडू लागले ते ‘उडान’ योजनेखाली. त्या योजनेत साधारण निम्म्या आसनांच्या भाड्याला कमाल मर्यादा असते. योजना आली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला सुमारे २,५०० रुपये असा तो आकडा होता. कंपनीला येणारी तूट सरकार भरून देते, पण तीन वर्षेच. मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये ते मुंबईचे विमान बंद झाले. आम्ही हळहळलो. पण फसवले गेलो असे म्हणता येत नाही, कारण तीन वर्षांची अट पहिल्या दिवसापासून उघड होती. आणखी एक गोष्ट तिथे शिकण्यासारखी आहे. त्या छोट्या विमानात राखीव आसने होती ती परवडत नाही अशांसाठी. राखीव ठेवण्याची कल्पना वाईट नसते. कुणासाठी राखता आणि केव्हा सांगता, यावर सगळे ठरते.

तेव्हा कंपन्यांनी काय करावे, हे कुणी विचारलेले नसले तरी सांगतो. पहिले, नवा नियम नव्या मैलांना लावा. जुन्या मैलांवर जुना नियम चालू ठेवा, निदान दोन वर्षे. संगणकाला हे कठीण नाही. दोन खाती तो आजही ठेवतोच आहे, तिसरे ठेवील. दुसरे, बदल करायचा तर वर्षभर आधी प्रत्येक सभासदाला स्वच्छ भाषेत कळवा. तिसरे, वरच्या पायरीच्या लोकांना पहिला मान द्या, त्यांच्यासाठी आधी खिडकी उघडा. पण प्रवासाच्या काही दिवस आधी उरलेली आसने सर्वांना खुली करा. लग्नात पहिली पंगत व्याह्यांची, हे कुणालाही मान्य असते. पण दुसऱ्या पंगतीला पान मांडायचेच नाही आणि भात उरवायचा, असे कोण यजमान करतो? चौथे, एखाद्या सभासदाने दहा-दहा वर्षे मैल साठवले आहेत, तर त्याची जुनी पायरी अगदीच शून्य मोजू नका. निष्ठा हा शब्द तुम्ही निवडला आहे. निष्ठा मागच्या बारा महिन्यांत मोजायची नसते.

आणि आपण काय करावे? आमच्या नात्यातल्या तरुण मंडळींना मुद्दाम सांगतो. मैल म्हणजे ठेव नव्हे. पोस्टात ठेवलेल्या पैशावर व्याज चढते, मैलांची किंमत बहुधा उतरतच जाते. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, तेव्हा ज्यांच्या खात्यात ‘किंग क्लब’चे मैल होते त्यांनी कशात बसायचे होते? जेटची विमाने १७ एप्रिल २०१९ ला थांबली. तिची मैलांची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे ‘इंटरमाइल्स’ नावाने पुढे चालली, पण जेटच्या विमानात बसायचे म्हणून जमवलेले मैल घेऊन जेटमध्ये बसणे संपले ते संपलेच. विस्ताराच्या सभासदांचे नशीब बरे. १२ नोव्हेंबर २०२४ ला ती एअर इंडियात विलीन झाली तेव्हा त्यांचे गुण नव्या खात्यात गेले. पण नशिबावर किती विसंबायचे?

म्हणून मैल जमले की वापरा. आईवडिलांना न्यायचे असेल तर गुडघे चालतात तोवर न्या, ‘अजून थोडे जमू देत’ म्हणत बसू नका. मैलांसाठी म्हणून जास्तीची खरेदी करू नका. आणि घरात कुणाला काही कबूल कराल तर ते आपल्या खिशातल्या पैशावर करा. मैल मिळाले तर वरची मजा समजा. हे शहाणपण व्यवहाराचे झाले. त्याने कंपनीची जबाबदारी कमी होत नाही. चोरीच्या भीतीने आपण कुलूप लावतो, म्हणून चोर निर्दोष ठरत नाही.

असो. पुष्कळ लिहिले. या विषयात माझ्याहून जास्त फिरलेली, जास्त मैल जमवलेली आणि गमावलेली मंडळी तुमच्यात आहेत. माझे म्हणणे त्यांनी अनुभवावर घासून पाहावे आणि चुकत असेल तिथे बेलाशक लाल शाईने खूण करावी. इतकी वर्षे मी इतरांच्या वह्यांवर केली, आता माझ्या वहीवर झाली तर हरकत नाही.